पोट दुखलं नाही, तरी रक्त गेलं: गुडघ्याच्या गोळ्यांबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत गुडघेदुखीची पत्रं सगळ्यांत जास्त. त्यातली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. इंदूरच्या माझ्या ओपीडीत अशी आजी किंवा असे आजोबा सतत येत असतात आणि बहुतेक वेळा उशिरा येतात, म्हणून ते तसंच लांब राहू दिलं.

प्रश्न: आम्ही सुदामानगरला राहतो. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांचं दुखणं जुनं. तीन वर्षांपूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना पंधरा दिवसांसाठी एक गोळी लिहून दिली होती. बरं वाटलं, म्हणून तेव्हापासून त्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तीच मागवतात. दुखलं की एक, घरात कार्य असलं की दोन. लग्नाच्या खरेदीला सीतलामाता बाजारात फिरायचं असलं की दुखायच्या आधीच एक. अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यामुळे ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिनही रोज चालू आहे. गेले दोन महिने त्यांना जिना चढवत नाही, दम लागतो, चेहरा पांढराफटक पडलाय. हिमोग्लोबिन ७.२ आलं. डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून जठर तपासा. पण त्यांचं पोट एक दिवससुद्धा दुखलेलं नाही. जेवण नीट जातं. त्या म्हणतात, "पोटात काही नाही, तर नळी कशाला?" संडास काळी होते, पण ती लोहाच्या गोळ्यांमुळे असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. गुडघ्याच्या गोळीनं रक्त कमी होतं का? अ‍ॅस्पिरिनही थांबवू का?

उत्तर: ताई, हो, गुडघ्याच्या गोळीनं रक्त जातं. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत पहिला संशय तिच्यावरच घ्यायला हवा. ती गोळी आजपासून बंद. दुर्बिणीची तपासणी सणवार, पाहुणे असं काहीही मध्ये न आणता याच आठवड्यात करून घ्या. त्याआधी संडास डांबरासारखी काळी झाली, चक्कर येऊन घाम फुटला, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं, तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सरळ मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत न्या.

अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनानं थांबवू नका. अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवलेल्या माणसाची अ‍ॅस्पिरिन एकाएकी तुटली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. ती चालू ठेवायची की मध्ये काही दिवस थांबवायची, हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं. दोघांनाही आजच फोन करा. अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर तीही सांगा.

आता काळ्या रंगाचं बघू. लोहाच्या गोळीनं संडास काळी होते हे खरं आहे. पण तो काळा हिरवट असतो, संडास बांधलेली असते आणि पाणी टाकलं की निघून जाते. जठरात रक्त सुटलं की ते आतड्यातून खाली येईपर्यंत पचतं. मग येते ती चकचकीत, चिकट आणि उग्र वासाची. भांड्याला धरून बसते, एका बादलीनं जात नाही, आणि तो वास घरातल्या दुसऱ्या माणसालाही जाणवतो. आणखी एक करा. लोहाच्या गोळ्या कोणत्या तारखेला सुरू झाल्या ते चिठ्ठीवर बघा आणि काळी संडास कधीपासून आहे ते सासूबाईंना विचारा. गोळ्या हिमोग्लोबिनच्या रिपोर्टनंतर सुरू झाल्या आणि काळेपणा त्याच्या आधीचा निघाला, तर काकूंचं म्हणणं तिथेच संपलं. विचारताना मात्र मुलासमोर किंवा जावयासमोर विचारू नका. आपल्या घरांतल्या बायका हे पुरुषांसमोर बोलत नाहीत. मला हे ओपीडीत रोज दिसतं. सगळे बाहेर गेले की आजी हळूच सांगतात, "हो गं, महिना झाला."

"पोट दुखत नाही, मग रक्त कसं जाईल?" हा तुमच्या सासूबाईंचा प्रश्न. यामुळेच माणसं उशिरा येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जठरात जे आम्ल असतं ते मांस पचवू शकतं. ते जठरालाच खात नाही, कारण आतल्या बाजूला चिकट बुळबुळीत थर असतो आणि त्याखाली भरपूर रक्तपुरवठा असतो. जुन्या घरातली मातीची जमीन जशी वरचेवर सारवावी लागायची, तसा हा थर शरीर सतत नव्यानं घालत असतं. सारवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या हुकमानं चालतं. गंमत अशी, की सांध्यात सूज आणि वेदना आणणारी द्रव्यंही याच कुळातली. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधं, म्हणजे गुडघ्याच्या बहुतेक गोळ्याही, ही द्रव्यं तयारच होऊ देत नाहीत, हे इंग्लंडच्या जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवलं. त्यांना १९८२ साली नोबेल मिळालं ते यासाठी. अ‍ॅस्पिरिन बाजारात आली १८९९ मध्ये. म्हणजे सत्तरएक वर्षं जग ही गोळी गिळत होतं, पण ती नेमकी काय करते ते कुणाला ठाऊक नव्हतं. गुडघा शांत होतो आणि जठराचं संरक्षण उतरतं, या दोन्ही गोष्टी एकाच कामातून घडतात. गोळी 'चांगल्या कंपनीची' असली म्हणून यात फरक पडत नाही.

आणि ती वेदना मारणारी गोळी आहे. जठराला जखम झाली तर तिची वेदनाही तीच दाबते. शिवाय वयाबरोबर पोटातल्या नसांची जाण बोथट होत जाते. चाळिशीतल्या माणसाला अल्सर झाला तर तो रात्री कळवळून उठतो. पंचाहत्तरीतल्या आजींना त्याच अल्सरनं फक्त थकवा येतो. मग घरचे म्हणतात, वय झालं, आणि टॉनिकची बाटली येते. या गोळ्यांमुळे रक्तस्राव होऊन किंवा जठराला भोक पडून रुग्णालयात येणाऱ्या माणसांपैकी कितीतरी जणांना आधी पोटाची एकही तक्रार नसते. म्हणून सासूबाईंना सांगा की पोट दुखत नाही यावरून आत काय चाललंय ते ठरवता येत नाही. हिमोग्लोबिन ७.२ हीच त्यांच्या पोटाची तक्रार आहे.

यात अ‍ॅस्पिरिन मिळाली की धोका आणखी वाढतो. एकीकडे जठर उघडं पडतं आणि दुसरीकडे रक्त गोठायची ताकद कमी होते. अ‍ॅस्पिरिनची एक गोळी ज्या प्लेटलेटला, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक कणाला, गाठते ती प्लेटलेट तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यातले उरलेले दिवस कामाची राहत नाही. ७५ मिलिग्रॅम म्हणजे 'बारीकशी' गोळी असं घरात म्हटलं जातं, पण या कामापुरती ती बारीक नाही.

तुम्ही त्या गोळीचं नाव कळवलेलं नाही. बहुधा तुम्हालाही ठाऊक नसेल. इथेच मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. मी पेशंटला औषधांचा डबा घेऊन यायला सांगते. बहुतेक वेळा तो श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा असतो. टेबलावर उपडा केला की कापलेल्या पट्ट्या पडतात, दोन गोळ्यांची एक, तीन गोळ्यांची दुसरी. मेडिकलवाल्यानं कात्री चालवलेली असते, त्यामुळे नाव दुसऱ्याच तुकड्यावर राहिलेलं, एक्स्पायरी तिसऱ्यावर. ज्यांवर नाव शिल्लक असतं त्या वाचल्या की कळतं, एकीत अ‍ॅसिक्लोफेनॅक, दुसरीत डायक्लोफेनॅक, तिसरीत आयब्युप्रोफेन. एक हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली, एक दाढ दुखली तेव्हाची, एक मुलानं दवा बाजारातून आणलेली. पेशंटच्या लेखी ती तीन वेगळी औषधं, "ये दर्द की, ये सूजन की, ये दाँत की". पोटाच्या लेखी मात्र एकाच औषधाचा तिप्पट डोस. तुम्हीही आज डबा उपडा करा. निमेसुलाइड, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, पायरॉक्सिकॅम, किटोरोलॅक, एटोरिकॉक्सिब हीही याच कुळातली नावं आहेत. नाव कापलं गेलेला तुकडा टाकून द्या. पुढच्या वेळी दुकानदाराला सांगा, "भैया, पूरी पट्टी दो, नाम वाली."

तपासणीबद्दल सासूबाईंची भीती समजण्यासारखी आहे. नळी साधारण करंगळीएवढी असते. सहा-आठ तास उपाशी ठेवतात, घशात फवारा मारून तो बधिर करतात, गरज वाटली तर झोपेचं हलकं इंजेक्शन देतात. नळी आत असते ती बहुधा दहा मिनिटांच्या आतबाहेर. अल्सरमधून रक्त येत असेल तर त्याच नळीतून इंजेक्शन देऊन किंवा क्लिप लावून थांबवता येतं. त्याच वेळी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करायला सांगा. १९८२ साली ऑस्ट्रेलियात वॉरेन आणि मार्शल यांनी जठरातला हा जंतू ओळखला. आपल्याकडे तो फार पसरलेला आहे. तो असला आणि वर या गोळ्या चालू असल्या तर अल्सरची शक्यता बरीच वाढते. निघाला तर साधारण चौदा दिवसांचा प्रतिजैविकांचा कोर्स असतो, तो पुरा करायचा.

आणि जठर स्वच्छ निघालं तर? तर "काही नाही निघालं" म्हणून घरी बसू नका. या गोळ्या लहान आतड्यालाही जखमा करतात. तिथे दुर्बीण सहज पोचत नाही. वर्षानुवर्षं गोळ्या खाल्लेल्यांच्या लहान आतड्यात पडद्यासारख्या पातळ कड्या तयार होऊन वाट अरुंद झालेली आढळते. मोठ्या आतड्यातूनही रक्त जाऊ शकतं. अशा वेळी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, आणि लागली तर गिळायच्या कॅमेऱ्याची तपासणी करतात. लहान आतड्याच्या बाबतीत पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या राखण करत नाहीत. आम्ल जठरात असतं, त्यामुळे त्यांचं काम तिथपर्यंतच चालतं.

जठरापुरत्या मात्र त्या उत्तम आहेत. अ‍ॅस्पिरिन चालू राहिली तर सासूबाईंना त्यातली एक बहुधा कायम घ्यावी लागेल. ती सकाळी चहा-पोह्यांच्या आधी अर्धा तास घ्यायची. बरेच जण जेवणानंतर घेतात, मग तिचा पुरता उपयोग होत नाही.

प्रश्न: वय ६९, रामबागेत राहतो, बँकेतून निवृत्त. कंबर आणि गुडघे दोन्ही धरतात. गोळी मी कधीच उपाशीपोटी घेत नाही, पोहे खाऊन घेतो, वर दोन चमचे पातळ अँटासिड. फारच झालं तर इंजेक्शन घेतो, म्हणजे पोटाशी संबंधच नको. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी अशी एकत्र गोळी चालू आहे. एवढी काळजी घेतली की पोट सुरक्षित समजावं ना?

उत्तर: नाही समजता येणार. तुमचा प्रामाणिक प्रयत्न दिसतो, म्हणूनच स्पष्ट सांगते.

खाऊन गोळी घेतली की जळजळ कमी होते, अल्सर टळत नाही. गोळी जठराच्या भिंतीला टेकल्यानं होणारं नुकसान थोडंच असतं. खरं नुकसान ती रक्तात उतरल्यावर होतं. सुई दंडात घ्या की कमरेत, औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतं आणि संरक्षण उतरवतं. गुदद्वारातून घ्यायच्या औषधाचंही तेच, आणि आतड्यात विरघळणाऱ्या 'कोटेड' गोळीचंही. पातळ अँटासिड तासाभरासाठी आम्ल मारतं, बस्. वाईट हे, की त्यानं जळजळ थांबते आणि माणूस निर्धास्त होतो. आम्ल कमी करणारं रॅनिटिडीनही नेहमीच्या डोसमध्ये जठराचा अल्सर टाळायला अपुरं पडतं.

तुमच्या पत्रातली मला जास्त टोचलेली गोष्ट वेगळीच आहे. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वेदनाशामक हे त्रिकूट मूत्रपिंडाला फार जड जातं. तिन्ही मिळून मूत्रपिंडातल्या रक्ताचा दाब उतरवतात. इंदूरच्या मे महिन्यात जुलाब किंवा उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं, की दोन-चार दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं द्रव्य) चढलेलं मी पाहिलं आहे. वेदनाशामकानं रक्तदाबही वाढतो. मग डॉक्टर रक्तदाबाची गोळी वाढवतात, कारण गुडघ्याच्या गोळीबद्दल त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. डायक्लोफेनॅक दिलेली गुरं मेली आणि गिधाडांनी ती खाल्ली, तर गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडून ती हजारोंनी मेली. म्हणून २००६ साली आपल्याकडे जनावरांच्या उपचारात त्यावर बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, त्याला तेवढ्यानं काही होत नाही. पण या औषधाची मूत्रपिंडाशी काय गाठ आहे ते यावरून लक्षात राहील. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन या आठवड्यात तपासून घ्या. रक्तदाब तपासायला जाल तेव्हा गुडघ्याची गोळीही बरोबर न्या.

प्रश्न: माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. एका ओळखीच्या माणसाकडून ते महिन्याला पुड्या आणतात. शुद्ध जडीबुटी आहे म्हणतो. दोन दिवसांत चालायला लागले, भूकही वाढली, चेहरा भरला. यात तर काही धोका नाही?

उत्तर: दोन दिवसांत चालायला लागले, भूक वाढली, चेहरा गोल झाला. हे वाचून मला स्टेरॉइडचा संशय येतो. नाव नसलेल्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅकसारखी औषधं कुटून घातलेली तपासण्यांत अनेकदा सापडली आहेत. हा दोष आयुर्वेदाचा नाही. तो पुडी बांधणाऱ्याचा आहे. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र म्हणजे पोटाच्या दृष्टीनं फार वाईट जोडी.

पण पुडी एकदम बंद करू नका. महिनोन्‌महिने स्टेरॉइड गेलं असेल तर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम तोडलं तर रक्तदाब पडून माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन आधी फिजिशियनकडे जा, साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, आणि ते सांगतील तसं हळूहळू उतरवा. पोटात एकाएकी असह्य कळ आली आणि पोट फळीसारखं कडक झालं तर क्षणभरही थांबू नका. पण स्टेरॉइड घेणाऱ्यांत जठराला भोक पडूनही कळ सौम्य असू शकते. म्हणून नुसतं पोट फुगलं आणि माणूस मलूल झाला, तरीही न्या.

प्रश्न: लोकमान्यनगर. वय ७१. तुमचं बोलणं ऐकून गोळी सोडली, पण खजराना गणपतीला जायचं तर पायऱ्या उतरवत नाहीत. सगळंच बंद केलं तर जगायचं कसं, डॉक्टर?

उत्तर: काकू, दुखणं सोसत बसा असं मी कुणालाच सांगणार नाही. चालणं थांबलं की वजन वाढतं, मांड्या सुकतात आणि गुडघा आणखी दुखतो.

पहिला नंबर मलमाचा. डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्यावर चांगलं काम करतं आणि रक्तात गोळीच्या मानानं फारच थोडं उतरतं. ते चिमूटभर लावून भागत नाही. गुडघ्याभोवती सगळीकडे, दिवसातून तीन-चार वेळा, निदान दोन आठवडे लावा. वर गरम पिशवी ठेवू नका, फुटलेल्या कातडीवर लावू नका.

पॅरासिटामॉल या कुळातलं नाही आणि पोटाला सौम्य आहे. झिजलेल्या गुडघ्यावर त्याचा गुण बेताचाच, हेही खरं. बाहेर जायचं त्या दिवशी ६५० ची एक गोळी घ्या. गरज पडली तर सहा तासांच्या अंतरानं दुसरी, आणि दिवसाला चारच्या वर कधीच नाही. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या जोडगोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशेबात धरा. यकृताचा आजार असेल तर आधी विचारा. आणि 'पॅरासिटामॉलच आहे' म्हणून मिळणारी गोळी वाचून घ्या. कॉम्बिफ्लाममध्ये त्याच्या जोडीला आयब्युप्रोफेन असतं.

खरा फरक मांडीच्या व्यायामानं पडतो. पलंगावर पाय सरळ ठेवून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्या. ती गुडघ्यानं खाली दाबा, मांडी कडक झालेली हाताला लागली पाहिजे. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा हा पाय, दहा वेळा तो, सकाळ-संध्याकाळ. पहिले पंधरा दिवस काही जाणवणार नाही. दीड-दोन महिन्यांनी पायऱ्यांवर कळेल. काठी वापरायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. आपल्याकडे जवळजवळ सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात. वजन एक किलो उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. रात्रीची शेव आणि सराफ्यातली जिलबी यांच्याशी काय करायचं ते तुम्हीच ठरवा, मी फक्त आकडा सांगितला.

एवढं करूनही गोळी लागलीच, तर ती डॉक्टरांना विचारून, कमीत कमी डोसची, थोडे दिवस आणि पँटोप्रॅझोलसारख्या गोळीच्या जोडीनं घ्या. सेलेकॉक्सिबसारख्या नव्या गोळ्या पोटाला कमी लागतात, पण हृदयाचा आजार असलेल्यांनी त्या जपून घ्याव्यात. याच जातीची रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ साली जगभरच्या बाजारातून काढून घ्यावी लागली होती. चिठ्ठी घेताना गोळी सुरू करायच्या तारखेबरोबर बंद करायची तारीखही डॉक्टरांकडून लिहून घ्या. ती तारीख उलटून गेलेली चिठ्ठी मेडिकलवर पुन्हा दाखवू नका. आणि गुडघा लाल, गरम होऊन सुजला, अंगात ताप आला, तर ही झीज नव्हे. त्याच दिवशी दाखवा.